उत्कर्षाच्या पहिल्या तीन सामन्यांची तपासणी

सोलापूर
रविवार, सकाळी

चि. वेणीमाधव,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतोस की बाटली नुसती उशाशी ठेवतोस? प्रेमलाचा खोकला गेला असेल असे धरून चालते. इकडे आम्ही दोघे ठीक. मीठ बंद केल्यापासून ह्यांचे ब्लडप्रेशर उतरले आहे आणि त्याच प्रमाणात आवाज चढला आहे. फोन न करता पत्र लिहिते, कारण फोनवर तू माझे एक वाक्य पुरे होऊ देत नाहीस. हे बसून, शेवटपर्यंत वाच.

तू मला काम दिलेस ते असे: उत्कर्षा इथल्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात नवीन आहे, तिचे पहिले तीन सामने मी पाहावे आणि तिच्यात काही आहे की नाही ते रोखठोक कळवावे. नसेल तर दिवाळीनंतर खेळ बंद आणि पोरगी परत बार्शीला. आपले इथले राहणे आत्याच्या एका कागदावर ठरणार आहे, हे तिलाही ठाऊक होते. मी दहावीचे गणिताचे पेपर एकतीस वर्षे तपासले, नात्याकडे बघून अर्धा गुण कधी दिला नाही (तुलाही नाही, आठवत असेल). तेव्हा नवी वही, लाल पेन आणि छत्री घेऊन मी पहिल्या सामन्याला अर्धा तास आधी जाऊन सिमेंटच्या पायऱ्यांवर बसले. पायऱ्या इतक्या तापल्या होत्या की पहिली पाच मिनिटे मी उभीच होते.

उत्कर्षा ‘गार्ड’ आहे. ती बास्केटखाली राखण करत उभी राहील या समजुतीने मी तिथेच बघत राहिले. गार्ड चेंडू घेऊन पुढे येते आणि खेळ चालवते, हे मला शेजारी बसलेल्या बनाबाईंनी सांगितले. बनाबाई म्हणजे संघातल्या सर्वांत उंच मुलीची, रुपालीची आई. सांगोल्याकडच्या, घरी मेंढरे. मुलीचा एकही सामना चुकवत नाहीत, आणि पंचांवर ओरडतात तेव्हा पंच घड्याळाकडे बघतो.

त्या दिवशी उत्कर्षाने बास्केटकडे अकरा वेळा चेंडू टाकला, दोनदा आत गेला. म्हणजे अठरा टक्के. (हुकलेल्या नऊपैकी एक फळ्याच्या वरून पलीकडे गेला आणि एक गुणलेखकाच्या चहात पडला.) याशिवाय हाती आलेला चेंडू तिने तेवीस वेळा दुसऱ्या मुलीला देऊन टाकला. मी प्रत्येक वेळी ‘दिला’ असे लिहून लाल रेघ मारली. संघ जिंकला, पण माझा निकाल ठरला होता. घरी आल्यावर, ताटावर बसताच तिला सांगितले की बाई गं, संक्रांतीचा तिळगूळ आहे का तो? स्वतःच्या हातात आलेली वस्तू अशी वाटत सुटशील तर तुझ्या बापाला मी काय कळवू? ती अगदी तुझ्यासारखी मान खाली घालून म्हणाली, “बरं, आत्या.”

वेणी, तुझी मुलगी आज्ञाधारक आहे. दुसऱ्या सामन्यात तिने चेंडू कुणालाच दिला नाही. सतरा वेळा टाकला, तीनदा आत गेला. रुपाली बास्केटखाली दोन्ही हात वर करून उभी, जशी न थांबणाऱ्या एस.टी.ला हात करणारी बाई. निम्म्या खेळानंतर शिवप्पा सरांनी उत्कर्षाला बाहेर बसवले ते बसवलेच. (हे त्यांचे प्रशिक्षक. अक्कलकोटकडचे, फार रागावले की कानडीत जातात. त्या दिवशी बराच वेळ कानडीत होते.) संघ चौदा गुणांनी हरला. शेवटी सरांनी मराठीत येऊन विचारले, असे खेळायला तुला सांगितले कुणी? तिसऱ्या सामन्यानंतर नांदेडच्या स्पर्धेसाठी बाराजणी निवडायच्या आहेत, त्यांत तुझे नाव मला दिसत नाही. मी मागच्याच पायरीवर होते. पोरगी म्हणाली, “कुणी नाही सर. माझंच चुकलं.”

मी छत्री उघडली. ऊन उतरले होते, तरी उघडली.

बनाबाई मात्र सोडणाऱ्यातल्या नाहीत. “बाई, मेंढरं हाकणारा सगळ्यांच्या म्होरं पळतो व्हय? त्यो कडंनं चालतो, कोण कुटं हाय बघतो, वाट करून देतो. तुमच्या पोरीचं काम त्येच. पयल्या दिशी लई झ्याक केलं की तिनं. माझ्या रुपीचं बारा गुण कुणाच्या हातनं झालं? आज कुणी कान भरलं तिचं?” मी म्हटले, मीच. त्यांनी माझ्याकडे पाहिले, वहीकडे पाहिले, आणि म्हणाल्या, “मग त्ये पुस्तक मिटा की आता.”

मी मिटले नाही, उलट उघडले. पहिल्या सामन्याची पाने आणि गुणलेखकाकडून मागून घेतलेला कागद शेजारी ठेवून ताळा घेतला. तेवीस ‘दिला’पैकी नऊ चेंडू घेणारीने तिथल्या तिथे बास्केटमध्ये घातले होते. अठरा गुण! संघ जिंकला होता नऊने. म्हणजे ज्याने सामना जिंकला, त्यालाच मी लाल रेघ मारली होती. एकतीस वर्षांत माझा एक पेपर फेरतपासणीत बदलला नव्हता, हा पहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मैदानावर जाऊन शिवप्पा सरांना सगळे सांगितले. “तुमीच व्हय त्या?” म्हणून त्यांनी मला पायापासून छत्रीपर्यंत पाहिले आणि म्हणाले, “मॅडम, पालकांनी पायरीवर बसावं. पोरीच्या डोक्यात बसू नये.” मला असे बोलणारा माणूस हेडमास्तरांनंतर हाच. मी ऐकून घेतले. मग उत्कर्षाला म्हटले, खेळाच्या बाबतीत माझे ऐकू नकोस. ती म्हणाली, “लेखी देता?” दिले. सहीनिशी. तो कागद तिने बुटाच्या खोक्यात जपून ठेवला आहे. पुढे कशाकशासाठी वापरेल ही मला काळजी आहे.

तिसरा सामना काल झाला. सरांनी तिला पहिली दहा मिनिटे बसवून मग आत घेतले. आता तपासणी ऐक. चेंडू टाकणे: आठपैकी तीन, साडेसदतीस टक्के, पस्तीसला पास, तेव्हा काठावर का होईना, पास. हात अजून घाईचा आहे. खेळ चालवणे: उत्तम. बघते एकीकडे, देते दुसरीकडे, आणि रुपालीला चेंडू कसा मिळाला ते रुपालीलाही कळत नाही. बचाव: मध्यम. गुडघे वाकवून, हात पसरून, पंगतीत वाढणारीसारखी बाजूबाजूने छान सरकते. पण डावीकडून हूल दिली की फसते. दोनदा फसली. मात्र शेवटच्या मिनिटाला, आपण एका गुणाने पुढे असताना, त्याच मुलीने तीच हूल दिली, तेव्हा ही जागची हलली नाही. चेंडू काढून घेतला, मान वर केली, रुपालीला दिला. तीन गुणांनी जिंकलो.

मग सरांनी नावे वाचली. दहा नावे झाली तरी आपले नाही. अकरावे: उत्कर्षा. मी तापलेल्या पायरीवर मटकन बसले आणि चटका बसल्याचे बऱ्याच वेळाने कळले. बनाबाईंनी न विचारता कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगांची चटणी हातावर ठेवली. मी कुणाच्या हातचे बाहेर खात नाही, तुला माहीत आहे. दोन तुकडे खाल्ले.

तेव्हा निर्णय असा, की मुलगी इथेच राहील. यावर फोन करू नये.

तुझी,
अक्का

ता. क. नांदेडला जाण्यासाठी वडिलांचे संमतिपत्र उद्याच द्यायचे आहे. तुझी सही मी केली आहे. तुला अक्षर मीच गिरवून घेतले असल्याने फरक कळत नाही. कॉलेजातून कुणी विचारले तर ‘हो’ म्हण. ‘बघतो’ म्हणू नकोस.

आणखी एक. मुलींबरोबर एक बाई व्यवस्थापक लागते, आणि कुणी तयार होईना. मी झाले. दहा दिवस जावे लागेल. ह्यांना एकटे सोडले तर मिठाचा डबा शोधून काढतील, म्हणून प्रेमलाला शनिवारच्या पहिल्या एस.टी.त बसव. पत्र लिहिण्याचे मुख्य कारण हेच होते.

शेवटचे. उत्कर्षाने आत्ताच हे पत्र वाचले. तिचे म्हणणे, काल तिने आठ नव्हे, अकरा वेळा चेंडू टाकला. हुकलेले तीन वहीत नाहीत. खरे आहे. त्या वेळी वही खाली पडली होती आणि मी बनाबाईंच्या खांद्याला धरून ओरडत होते. अकरापैकी तीन म्हणजे सत्तावीस टक्के होतात. मी वर साडेसदतीस लिहिले आहेत, ते तसेच राहतील.