कढीपत्त्यासमोरचं कोरं कार्ड

रविवार, १२ ऑक्टोबर, टूनगॅबी

आज आमच्या कम्युनिटी गार्डनचा ओपन डे झाला. कमिटीने यंदा 'वारसा' हा विषय घेतला होता, म्हणून प्रत्येकाने आपल्या वाफ्यात एक कार्ड खोचायचं होतं: हे झाड तुमच्याकडे कुठून आलं? माझं कार्ड दिवसभर कोरंच. काय लिहिणार? माझा कढीपत्ता हॅरिस पार्कच्या भारतीय दुकानातून कुंडीसकट उचललेला.

शेजारच्या वाफ्यातला चार्ली मूळचा माल्टाचा, ऐंशीच्या पुढचा. त्याच्या अंजिराची फांदी त्याच्या वडिलांनी बोटीतून आणलेली. त्याच्या कार्डापुढे ही गर्दी, आणि मी आपली कोऱ्या कार्डापुढे उभी राहून उगाच पाणी घालतेय. हेवा वाटला, इथे तरी खोटं कशाला लिहू.

सूर्य बुडाल्यावर आम्ही दोघं टेबलं-खुर्च्या आवरत होतो. चार्लीने कढीपत्त्याची एक डहाळी मागितली, सूपमध्ये टाकून बघायला. माझ्या तोंडून निघून गेलं, "नॉट नाऊ, चार्ली. इट्स स्लीपिंग."

आणि लाजच वाटली. हे आईचं. दिवेलागणीनंतर ती झाडाला हात लावू द्यायची नाही, झाडं झोपलीत म्हणायची. तिला जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून हे मी कुणाला म्हटलंच नव्हतं. म्हणणार तरी कुणाला?

चार्ली हसला नाही. हातातली खुर्ची त्याने आवाज न करता खाली ठेवली आणि हळू आवाजात विचारलं, "व्हॉट टाइम डज इट वेक अप?"

सिक्स, मी म्हटलं. आई सहाला उठायची.