देवाची आग आणि आपले बांगडे

पप्पा, तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर तोंड उघडायची कोणाची छाती नव्हती, आईचीसुद्धा नाही. आता तुम्हाला मधेच उठून जाता येणार नाही, तेव्हा सगळं ऐकून घ्या. काल ईस्टर झाला. भाट्याच्या किनाऱ्यावर, पहाटेच्या प्रार्थनेत, प्रभूमध्ये झोपी गेलेल्यांच्या नावांबरोबर मी ताईचं नाव घेतलं. मोठ्याने घेतलं, सगळ्या मंडळीसमोर घेतलं आणि तिच्या सासरच्या आडनावासकट घेतलं.

तुमच्या माघारी ही नावं मीच घेते, तुमच्यासारखीच, हातात कागद न धरता. गेल्या आठवड्यात चर्चचे सेक्रेटरी घरी आले. ओट्यावर बसून चहा प्याले आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "बाई, यंदा थोरल्या बहिणीचं नाव घेणार असं कानावर आलं. पण तिला तर अग्नी दिला ना, तिकडच्या रीतीने?" मी म्हटलं, हो, दिला. "मग तिचं नाव आपल्यात कसं घ्यायचं? तुमच्या वडिलांनीच तेव्हा सांगून ठेवलंय, सगळ्यांनी ऐकलंय." माणूस वाईट नाही पप्पा, आई आजारी होती तेव्हा रात्ररात्र बसला होता. पण तुमचं वाक्य त्याने माझ्यासमोर असं धरलं की मला आधी त्याचा नाही, तुमचा राग आला.

ते वाक्य मलाही पाठ आहे. ताई सिव्हिलमध्ये नर्स होती. राजापूरचा एक बागायतदार आपल्या आईला घेऊन तिथे आला, आणि पुढे वर्षभराने ताई त्याच्याशी लग्न करून गेली. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे, बाकीचे रविवार उपदेश तुमचा. शाळामास्तर असूनही पाळकापेक्षा तुमचा दरारा जास्त. त्या रविवारी तुम्ही कोट घालून उभे राहिलात आणि म्हणालात की देव भस्म करणारा अग्नी आहे, ज्याने त्याला नाकारलं त्याच्यासाठी कधी न विझणारी आग ठेवलेली आहे, मग ते पोटचं पोर का असेना. आई पुढच्याच बाकावर होती. तिने पदराचा बोळा तोंडात धरला होता. तुम्ही ताईचं नाव घेतलं नाहीत, आणि त्या दिवसापासून घरातही घेतलं नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा ती सकाळच्या एसटीने आली, तुमच्यावर माती टाकली आणि पाणीसुद्धा न पिता परत गेली.

पण पप्पा, देवाची आग म्हणजे काय हे मला शिकवलं कोणी? तुम्हीच ना? मी सात-आठ वर्षांची आहे. संडेस्कूलमध्ये तुम्ही मोशेची गोष्ट सांगता, फळ्यावर हिरव्या खडूने झुडूप काढता आणि त्याच्याभोवती नारिंगी ज्वाळा. मी पाटीवर तसंच झुडूप काढते आणि कोळशाने त्याची पानं काळी करते, कारण आपल्या सड्यावर वणवा लागला की झुडपांचं काय होतं ते मी पाहिलेलं असतं. तुम्ही येता, पाटी बघता आणि डोक्यात टपली मारता. "मूर्ख! ही काय चुलीतली आग आहे? ही देवाची आग. देव त्यात उतरलाय. एकही पान काळं होता कामा नये." ओल्या फडक्याने तुम्ही स्वतः पाटी पुसलीत आणि मला पानं पुन्हा काढायला लावलीत. सगळी हिरवी. मी रडत रडत काढली, पण काढली. मग सांगा, एका झुडपाचं पान जळू न देणारा देव माझ्या बहिणीला जाळत बसेल? झुडपाला एक न्याय आणि ताईला दुसरा?

आणि ईस्टरची पहाट. वर्षातून तेवढ्या एकाच दिवशी तुम्ही स्वयंपाकाला हात लावायचात. प्रार्थना संपली की सुरूच्या झाडांखाली तीन दगड मांडायचे, नारळाची सोडणं आणि करवंट्या पेटवायच्या आणि निखारे फुलले की त्यावर बांगडे. कोट काढलेला, बाह्या दुमडलेल्या, डोळे धुराने लाल. असे तुम्ही आम्हाला दुसऱ्या कुठल्या दिवशी दिसायचा नाहीत. ताई पंख्याने वारा घालायची आणि तुम्ही तिला दरवर्षी तेच विचारायचात, "कबरेतून उठल्यावर प्रभूने काय केलं, सांग बघू?" ती म्हणायची, "विस्तव पेटवला आणि मासे भाजले." मग तुम्ही खूश व्हायचात आणि पेत्राचं सांगायचात. कोळशाच्या शेकोटीपाशी हात शेकता शेकता त्याने प्रभूला नाकारलं, आणि प्रभूने त्याला परत बोलावलं ते कोळशाच्याच विस्तवापाशी. जाब विचारायच्या आधी जेवायला घातलं. पहिला बांगडा तुम्ही ताईला द्यायचात. बोलावण्याची ही आग तुम्हाला ठाऊक होती, पप्पा. तुमच्या हाताला तिचे चटके बसलेले होते. तरी चर्चमध्ये उभे राहिलात की तुम्हाला दुसरीच आठवली.

आता ताईचं. तिला स्मशानात नेलं तेव्हा मी तिथे उभी होते. भावोजींनी बागेतला जुना रायवळ आंबा तोडला होता, त्याचीच लाकडं. भाच्याने अग्नी दिला. मी डोळे मिटले नाहीत. ताई जळत होती, खोटं कशाला बोलू. पण मला नरकबिरक काही आठवलं नाही. आपल्या कबरस्तानात माती जे काम सावकाश करते तेच विस्तव लवकर करत होता. मातीतून उठवणाऱ्याला राखेतून उठवणं जड जाणार आहे का? हेच मी सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, "मग तुमच्या जबाबदारीवर घ्या." मी म्हटलं, घेते.

काल भावोजींना मी बोलावून घेतलं. ते अंधारातच राजापूरहून निघून आले आणि सुरूंपाशी चपला काढून लांब उभे राहिले. उजेड पाठीमागच्या डोंगरावरून खाली उतरत होता. मी नावं घ्यायला लागले. एक सांगते, यंदा तुमचं नाव गाळायचं असं मी ठरवून आले होते. एक वर्ष तुम्हीही बाहेर राहून बघा म्हटलं. पण आईचं नाव झालं, तुमचं आपसूक तोंडात आलं, आणि त्याच श्वासात मी ताईचं घेतलं. तुमच्या अगदी शेजारी. मग ताईबरोबर नर्स असलेली एक म्हातारी काठी टेकत पुढे आली आणि खणखणीत "आमेन" म्हणाली. तिच्यामागे बाकीचे म्हणाले, सगळे नाही. सेक्रेटरी पाण्याकडे तोंड करून उभे राहिले.

मी विस्तव पेटवला. भावोजींना हाक मारली, "या, न्याहारी करा." ते पुढे आले आणि हळूच विचारलं, "माझं चालतंय का गो, तुमच्यात?" मी म्हटलं, "भावोजी, हा विस्तव बोलावून घेण्यासाठीच आहे." त्यांच्या हातात केळीच्या पानावर पहिला बांगडा दिला. ते उभ्याउभ्याच खाऊ लागले आणि खाता खाता रडू लागले. एक बांगडा सेक्रेटरींसाठी झाकून ठेवला. ते न खाता गेले. पुढच्या वर्षीही ठेवणार आहे.

तर हे असं झालं, आणि पुन्हा विचाराल तर पुन्हा करीन. न विझणारी आग तुमची तुम्हाला लखलाभ. दगडांमधली मी घेतली, विचारल्याशिवाय, वारसाहक्काने. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून शेवटी खरं ते लिहून टाकते. भावोजींना दिलेला बांगडा एका अंगाने पार करपलेला होता. माझे दरवर्षी करपतात. तुमचा कधी करपला नाही. तो नेमका कधी उलटायचा, हे तुम्हाला विचारायचं राहून गेलं, पप्पा.