ब्रिन पांढरा होत नाही

लोकेव, ४ मार्च २०१२

चि. नेवास काकाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझा लाडका ब्रिन पाच वर्षांचा झाला, तरी भाजलेल्या चेस्टनटसारखा तपकिरीच. आपल्या जातीच्या घोड्यांची शिंगरं काळपट जन्मून हळूहळू पांढरी होतात, म्हणून दर वसंतात मी गावाला सांगत आलो, यंदा होईल. कपाळावरचे चार पांढरे केस दाखवत फिरलो! आता गावातला विंको खानावळीत विचारतो, काका, तुमची घोडी बेलिना कुंपण ओलांडून सीमेपलीकडे इटलीत जाऊन आली का? मी म्हटलं, आली असेल, पण तुझ्यासारखी झिंगून नाही.

पैदास संघाचंही तेच म्हणणं. आई बेलिना पांढरी, बाप ओरियन पांढरा, तर हा त्यांचा नव्हेच. महिनाअखेर डॉक्टर ब्रिनला खच्ची करायला येणार. तू घोड्यांची आनुवंशिकता शिकतेस. खरं ते लिही. बेलिना बाहेर गेली असेल तर तेही लिही. ब्रिनला मात्र मी हात लावू देणार नाही.

लोभ आहे, आणि जरा तापलेला आहे.
तुझा स्तांको काका

ल्युब्लियाना, ९ मार्च

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

पांढरा हा आपल्या घोड्यांचा मूळ रंगच नव्हे. मूळ रंग गडदच असतो. एक जनुक तो वर्षानुवर्षं झाकत जातं. आई किंवा बाप, एकाकडून ते मिळालं तरी पुरतं. पण दोघांकडे ते एकेरीच, म्हणजे त्याची एकच प्रत असेल, तर चारांतलं एखादं शिंगरू दोघांकडून रिकाम्या हातांनी येतं. त्याचा रंग उघडाच राहतो. जनुकं तपासायला तिघांचे शेपटीचे केस मुळासकट उपटून पाठवा, कापू नका. आणि संघाला विचारा, पांढरेपणा म्हणजेच कुळ, हा कायदा कोणत्या घोड्याने केला?

काकूला सांगा, तिने दिलेला हॅम संपला. माया असू द्यावी.
आपली नेवा

लोकेव, २ एप्रिल

चि. नेवास आशीर्वाद वि. वि.

तुझा अहवाल वाचून डॉक्टर पिशवी न उघडताच गेला. ब्रिन दोघांचाच! मग संघाचे अध्यक्ष गोड झाले. म्हणाले, तबेल्यात एक तपकिरी घोडा असला की भाग्य येतं, ही इथली जुनी समजूत. तेव्हा गावच्या घोड्यांच्या मिरवणुकीत तो शेवटी चालू दे, शुभ म्हणून. मी म्हटलं, अध्यक्षमहाराज, कालचा हरामी आज ताईत झाला काय? तो ओरियनचा मुलगा आहे. बापाशेजारी चालेल, नाहीतर ओरियनही येणार नाही. मिरवणुकीचा पहिला घोडाच जातो म्हटल्यावर त्यांनी ब्रिनचं नाव ओरियनशेजारी लिहिलं.

काल दोघे पुढे चालले. विंको ओरडला, काका, यातला अस्सल कोणता? मी ओरियनच्या पाठीवरूनच सांगितलं, दोघेही; फक्त याने काही झाकलेलं नाही.

ये लवकर, भांडायला माणूस हवं.
तुझा काका