उमाला मानवलेली हवा

महाबळेश्वर,
२० ऑगस्ट १९८२

ती. स्व. अक्कास,
विरूपाक्षचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. लातूर जिल्हा झाला, गोलाईच्या बाजारात कमानी लागल्या, पेढे वाटले, हे वाचून करमणूक झाली. पेढ्यावर पाणी मिळालं का, ते मात्र तू लिहिलं नाहीस. पावसानं पाठ फिरवली आणि तुम्ही नव्या कचेऱ्यांच्या पाट्या रंगवत बसलात.

जंगलखात्यात माझा जन्म उन्हात गेला. किनवट, उमरी, देगलूर, सगळीकडं तीच भट्टी. रिटायर झालो की थंड हवेत राहायचं, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. इथं एका पारशी बाईंच्या आवारातलं दोन खोल्यांचं घर देखभालीच्या बोलीवर मिळालं. धुकं खिडकीतून आत येऊन बसतं. माणसाचं डोकं थंड हवेतच चालतं. इंग्रज काही उगीच इथं येत नव्हते. तुमच्याकडं मेंदू दुपारी बारालाच पातळ होतो.

उमा मजेत आहे. तू एकदा ये, म्हणजे हवा कशाला म्हणतात ते कळेल.

लोभ आहेच, तो तिकडच्या उन्हात सुकू देऊ नये.
तुझा धाकटा भाऊ,
विरूपाक्ष


लातूर,
६ सप्टेंबर १९८२

चि. विरूपाक्ष यास शिवकांताचा आशीर्वाद. शरणार्थ.

तुझं पत्र ओलं होऊन आलं. शाई पसरून निम्मं पुसलेलं. उरलेलं निम्मंच लई झालं.

थंडीनं डोकं चालतं म्हणतोस, तर मग बर्फाच्या कारखान्यातले हमाल सगळे वकील व्हायला पाहिजे होते. अन् इंग्रजांचं म्हणशील तर ते उन्हाळ्यापुरते यायचे, पाऊस लागायच्या आधी बोजाबिस्तरा बांधून निघून जायचे. तू भर पावसात जाऊन बसलास. नक्कल करायची तर नीट करावी.

इथं पाऊस न्हाई, हे खरं हाय. विहीर तळाला गेली. रब्बीचं काय व्हायचं, ते देवाला ठाऊक. पण संध्याकाळी गल्लीतली माणसं ओट्यावर येतात, एकमेकाला शिव्या घालतात, जीव रमतो. तुझ्याकडं धुक्याशिवाय येतं कोण?

उमा मजेत हाय, हे तू लिहिलंस. तिच्या हातच्या दोन ओळी का न्हाईत? तुझ्या लग्नात ती गल्लीतल्या सगळ्या बायांना हसवून राहिली होती. तिला लिहू दे.

वडीलकीचा लोभ हाय म्हणून एवढं बोलले.
शिवकांता


महाबळेश्वर,
२८ डिसेंबर १९८२

ती. अक्कांना उमाचा सा. न. वि. वि.

हे फिरायला गेले आहेत, तेवढ्यात लिहिते. तुमचं पत्र ह्यांनी मला वाचून दाखवलं, पण माझ्याबद्दलचं गाळून. नंतर मीच काढून वाचलं.

पावसाळाभर कपडे शेगडीवर वाळवले. मिठाचं पाणी व्हायचं, काडी पेटायची नाही. तेव्हापासून छातीत घरघर बसली, ती गेली नाही. थंडी सुरू झाल्यापासून आडवं होता येत नाही. उशा पाठीशी लावून बसल्या बसल्या रात्र काढते.

वाईच्या डॉक्टरांनी ह्यांच्यासमोर सांगितलं की बाईंना कोरड्या, उबदार गावी न्या. हे बाहेर आल्यावर म्हणाले की डॉक्टर घाटाखाली राहतो, त्याला चांगल्या हवेतलं काय कळतं. मी म्हणाले, थोडे दिवस लातूरला जाऊन येते. तर म्हणाले, हे गावंढळ शरीराचे चोचले आहेत, सवय व्हायला वेळ लागतो. अक्का, मी नको म्हणत नाही, पण तोवर श्वास पुरला पाहिजे.

तिकडं पाण्याचे फार हाल आहेत असं ऐकते. त्यात माझी भर झेपेल का? नसेल तर तसं लिहा, मला राग येणार नाही.

तुमचा लोभ आहे, या भरवशावर लिहिलं.
उमा


लातूर,
२२ जानेवारी १९८३

चि. विरूपाक्ष यास आशीर्वाद.

आम्ही दोघी सुखरूप पोचलो. एसटीपर्यंत सुद्धा तू आला न्हाईस, म्हणून कळवावं लागलं.

मी चोरून नेली असं गावभर सांगू नकोस. तुझ्या तोंडावर सांगून नेली. मी आले तेव्हा उमा पायरीवर बसली होती अन् उन्हाचा पट्टा सरकेल तशी सरकत होती. तू आत कानटोपी, दोन स्वेटर अन् वर सरकारी ओव्हरकोट घालून मला थंडीचे फायदे सांगत होतास. नाक गळून राहिलं होतं, तरी व्याख्यान चालू. असला शहाणा अख्ख्या मराठवाड्यात न्हाई, हे कबूल करते.

बार्शी सोडल्यावर एसटीतच तिला झोप लागली. लातूर आलं तरी उठवायला जीव होईना.

इथल्या डॉक्टरनं तपासलं. म्हणाला, आणखी एक पावसाळा तिथं काढला असता तर बाई हाती लागली नसती. तुला भीती घालायला लिहीत न्हाई. तू भिणारा असतास तर वाईलाच भ्याला असतास.

तुझ्यावर लोभ ठेवायचा का, ते नंतर बघते.
शिवकांता


महाबळेश्वर,
१० फेब्रुवारी १९८३

ती. स्व. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुम्हा दोघींचा पराक्रम समजला. डॉक्टर लोक घाबरवतातच. टँकरपुढं बायका झिंज्या उपटतात, असं तुमच्या नव्या जिल्ह्याबद्दल पेपरात छापून येतंय. तिथं उमा किती टिकते ते बघू. चैत्र लागू दे, छपराचे पत्रे तापू देत, ती आपल्या पायानं घाट चढून येईल. मी बोलवायला येणार नाही.

मी उत्तम आहे. स्वयंपाक स्वतः करतो. बटाटे इथं चांगले मिळतात. रोज तेच करतो.

लोभाबद्दल तूच विचार कर.
विरूपाक्ष


लातूर,
२० मे १९८३

श्री. विरूपाक्ष यांस उमाचा सा. न. वि. वि.

चैत्र गेला, वैशाख चालू आहे. दुपारी पत्रे तडतडतात, पंखा गरम वारा फेकतो. टँकर आला की आम्ही दोघी घागरी घेऊन धावतो. अक्का भांडतात, मी भरून घेते. रात्री अंगणात बाज टाकून झोपते. आडवी होऊन झोपते, एवढं तुम्हाला कळावं.

जिल्हा झाल्यामुळं बाहेरगावचे कारकून खूप आलेत. त्यांच्या जेवणाचे हाल होते, म्हणून अक्कांच्या पुढच्या खोलीत मी खानावळ सुरू केली. नांदेडचे शेषेराव पहिल्या दिवसापासून जेवतात. एक साहेब साताऱ्याकडचे आहेत, ते रोज उन्हाला नावं ठेवतात. त्यांना मी ताक वाढते. हवेबद्दल वाद घालत नाही, घरी पुष्कळ ऐकलाय.

तुमची बदली निघाली की मी ट्रंक भरायची. किनवटचं जंगल असो की देगलूरचा बाजार, जे पानात पडेल ते आवडतं म्हणायचं. थंडी आवडते का ऊन, मला कुणी विचारलं नाही. खरं सांगते, मीही स्वतःला विचारलं नाही. इथं अक्कांनी विचारलं आणि मला उत्तर देता येईना, रडू आलं. आता देते. मला ऊन आवडतं. मी परत येणार नाही.

तुम्हाला तिथंच राहायचं असेल तर राहा, माझा राग नाही. अक्का म्हणतात की तो येईल तर हिवाळ्यात येईल, पाहुण्यासारखा कोवळ्या उन्हापुरता. तसं नको.

पत्राखाली लोभ असावा असं लिहायची रीत आहे. मीही आजवर न चुकता लिहीत आले. खरंच असला, तर वैशाखातच या.

उमा