दहा बाय दहाची खोली

कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १६ नोव्हेंबर २०२४ रोजी, मी पहाटे आंघोळ केली, त्रिसरण-पंचशील म्हटले, चहा घेतला आणि दोन घमेली चुन्याची फक्की घेऊन आमच्या मोकळ्या जागेवर गेलो. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, तीन-चार-पाचच्या मापाने चारही कोपरे काटकोनात धरले आणि ऊन वर यायच्या आत घराची आखणी पूर्ण केली. सत्तावीस वर्षे लोकांची घरे बांधल्यावर स्वतःच्या घरासाठी मारलेल्या या पहिल्या रेघा.

मोहाडीच्या अर्जनविसांचे म्हणणे पडले की मृत्युपत्रात सकाळ, चहा, फक्की यांचे काम नाही, आधी नाव-गाव लिहावे. मी म्हटले, "साहेब, पाया आधी भरतेत, पाटी मंग लावतेत." त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवला. "मंग तुम्हीच लिहा." म्हणून हे सर्व माझ्या हस्ताक्षरात आहे.

आता नाव-गाव. मी तेजराम देवाजी हुमणे, वय एकोणपन्नास, शिक्षण सातवी, धंदा गवंडीकाम व दीड एकर धानाची शेती, राहणार आंधळगाव, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डाव्या टाचेला सूज आहे, पण तिचा बुद्धीशी संबंध नाही. मी दारू पीत नाही. मला कोणी धमकावलेले नाही. घरातल्यांनी विनवण्या पुष्कळ केल्या, त्यांना बळी न पडता लिहीत आहे.

कलम १. जागा. ही जागा मी स्वतःच्या कमाईने घेतली, वडिलोपार्जित नाही. लांबी पन्नास फूट, रुंदी तीस फूट. पूर्वेस गावरस्ता, उत्तरेस नाली, पश्चिमेस बोडी, जिच्यात पावसाळ्यात पाणी आणि उन्हाळ्यात पोरांचे क्रिकेट असते. दक्षिणेस श्री. नंदलाल गोविंदा हेडाऊ यांचे अंगण व त्यांची म्हैस. म्हैस सीमा मानत नाही. नंदलाल मानतात.

कलम २. आखणी आणि तिचे काय झाले. घरात आम्ही पाच जण. माझी आई पार्वताबाई, पत्नी सरिता, मुलगा अश्वजित, जो नागपूरला कंपनीत आहे आणि ज्याच्यासाठी मुली पाहणे चालू आहे, आणि मुलगी प्रतिक्षा. सध्या आम्ही दोन खोल्यांच्या पत्र्याच्या घरात राहतो. नव्या घरात समोर सपरी, म्हणजे बसाउठायची जागा, मग आईची खोली, आमची, अश्वजितची, स्वयंपाकघर, आणि मधोमध एक दहा बाय दहाची खोली, असा माझा विचार होता. कागदावर मी प्रत्येक खोलीत नाव लिहिले. मधल्या खोलीत "सामान" असे लिहिले. ते का, हे पुढे कलम ४ मध्ये येईल. मला ते लिहायला सर्वांत जड जाणार आहे, म्हणून थोडे लांबवतो.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सर्वांनी जाणून घ्यावी. उघड्या जमिनीवर आखलेली खोली नेहमी लहान दिसते. वर आभाळ एवढे मोठे असते की खाली दहा फूट म्हणजे काहीच वाटत नाही. भिंती उठल्या की तीच खोली ऐसपैस होते. सत्तावीस वर्षे प्रत्येक गिऱ्हाईक आखणी पाहून घाबरले आहे आणि प्रत्येकाला मी सांगितले आहे, "भिंत उठू द्या, मग बोला." एकानेही ऐकलेले नाही. त्या सर्वांना मी आज क्षमा करतो, कारण माझ्या घरच्यांनीही ऐकले नाही. मीही ऐकले नाही.

पहिल्याच दिवशी आई काठी टेकत आली आणि तिच्या खोलीत उभी राहिली.

"हे खोली होय का कोंबड्यांचा खुराडा?"

सरिता म्हणाली, "आई, भिंतीतून कायले येऊन राहिल्या? दार इकडं हाये."

"माह्या पोराचं घर. मी कुठून भी येईन."

सरिताने आपल्या स्वयंपाकघरात हात पसरून एक गिरकी घेतली आणि जाहीर केले, "पोळी लाटतानी माहा कोपर नंदलालभाऊच्या अंगणात जाते." सुट्टीला आलेल्या अश्वजितने फोनवर बनवलेले घर दाखवले. त्यात सोफे होते, काचेचा जिना होता आणि स्वयंपाकघरात एक गोरी बाई उभी होती. आईने बराच वेळ पाहून विचारले, "हे कोन? पसंत केली का?" अश्वजितला एकच हट्ट होता, खोलीला लागून संडास, ज्याला तो अटॅच म्हणतो. आईला हा शब्द मान्य नाही. "झोपाच्या जागी हागाचं? मंग जुन्या घराले काय आग लागली होती?"

आखणी रोज थोडी बदलू लागली. मी कामावर गेलो की कोणीतरी पायाने रेघ पुसायचे आणि डब्यातली फक्की घेऊन फूटभर पुढे मारायचे. संशय सर्वांवर होता, कबुली कोणाचीच नव्हती. ज्या भिंतीत बुद्धमूर्तीचा कोनाडा यायचा होता तेवढी एकच भिंत कोणी हलवत नाही हे पाहून आईने आपल्या खाटेची जागा त्या भिंतीला चिकटवून आखून घेतली. ही माझ्या आईची हुशारी. मी तिच्याकडून यातली निम्मी घेतली असती तर आज ठेकेदार असतो.

महिनाभराने मी टेप लावला. स्वयंपाकघर दीड फूट वाढले होते, आईची खोली एक फूट, अश्वजितची दोन फूट. सपरी दोन फूट वाढली होती, आणि सपरी वाढवणारा मी होतो, हे मी येथे प्रथमच कबूल करतो. माझ्याबरोबर बावीस वर्षे काम करणारा सुखराम तेव्हा तेथे होता. तो पोट धरून हसला. "मिस्त्री, तुमाले भी लागला का हा रोग?"

कलम ३. नंदलाल. वाढलेले फूट कोठून तरी येणार. काही दक्षिणेकडून आले. एका सकाळी नंदलाल तोंडात ब्रश घेऊन कुंपणाशी उभे राहिले.

"तेजराम, तुझा संडास माह्या अंगनात येऊन राहिला ना बे."

मी म्हटले, "फक्की होय, भाऊ. वाऱ्यानं उडते."

"तुह्या घरी वारा चौकोनी सुटते काय?"

मी ती रेघ मागे घेतली. त्यांच्या कौलांचे पाणी तेरा पावसाळे माझ्या जागेत पडत आहे, ही माझी जुनी तक्रार आहे. तिच्या निकालासाठी मी त्यांना दहा फुटी पत्र्याचा पन्हाळ हयातीतच देऊन टाकला आहे, लावण्याच्या अटीवर. मृत्यूची वाट पाहिली असती तर आणखी वीस पावसाळे गेले असते, अशी आशा आहे.

कलम ४. मधली खोली. दक्षिणेची वाट बंद झाल्यावर उरलेले सर्व फूट मधल्या खोलीतून जाऊ लागले. ती खोली प्रतिक्षाची होती. हे मला माहीत होते, सर्वांना माहीत होते, कागदावर मात्र "सामान" होते.

प्रतिक्षा दोन वर्षांपूर्वी सासरहून परत आली, दोन बॅगा आणि कुंडीतले एक झाड घेऊन. तिकडे काय झाले ते तिने एकदा सांगितले, मी एकदा ऐकले. रीतसर फारकत झाली आहे. ती मोहाडीला औषधाच्या दुकानात कामाला जाते, सकाळच्या बसने जाते, दिवेलागणीला येते आणि जुन्या घरात दाराजवळ गादी टाकून झोपते. गावात कोणी विचारले, "पोरगी कधी जाते?" की मी म्हणायचो, "जाईल, धान निघाल्यावर." धान दोनदा निघाले. फारकतीचा कागद कपाटात होता आणि मी लोकांना धानाची तारीख देत होतो. खोलीत तिचे नाव लिहिले असते तर ती जाणार नाही हे लिहिल्यासारखे झाले असते. माझा हात तेथे अडला. खोटे न बोलण्याचे शील मी रोज सकाळी घेतो, आणि ही खोटी तारीख मी दोन वर्षे दिली, हे येथे नोंदवून ठेवतो.

जानेवारीत एका सकाळी मी पुन्हा टेप घेऊन बसलो होतो. मधली खोली चार फूट दोन इंच उरली होती. प्रतिक्षा बसला निघाली होती, हातात डब्याची पिशवी. ती थांबली.

"बाबा, हे मधातलं कायले ठेवता? चार फुटात मानूस उभा नाही राहात. आईच्या सैपाकघरात घेऊन टाका."

आणि तिने चपलेने ती रेघ पुसली. रागाने नाही. अंगणातला पाला पायाने बाजूला सारावा तशी. मग "बस आली" म्हणून ती धावली. मी टेप धरून तेथेच बसलो. सुखराम बोलवायला आला तेव्हा उन्हे आली होती.

कलम ५. पडणे. त्याच दिवशी लाखनीच्या कामावर मी परांचीवरून चालत होतो आणि परांची संपल्यावरही चालत राहिलो. खाली वाळूचा ढीग होता. टाच सुजली, बाकी काही नाही. सुखराम वरून ओरडला, "मिस्त्री, फळी संपली हे सांगा लागत होतं काय तुमाले?" मी वाळूत उताणा पडून होतो. मला एकच गोष्ट दिसत होती: आता डोके फुटले असते तर मधली खोली पुसलेलीच राहिली असती, आणि ती कोणाच्या लक्षातही आली नसती. म्हणून हे मृत्युपत्र.

कलम ६. हत्यारे. थाप्या, रंधे, घमेली, गुण्या आणि पाण्याची पातळीनळी सुखरामला द्यावी. ज्याला वस्तू मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, असे अर्जनवीस म्हणाले. सुखरामला विचारले तर त्याने साक्षीपेक्षा थापी पसंत केली. ओळंबा अश्वजितला. भिंत सरळ आहे की नाही हे फोनमध्ये कळते असे तो म्हणतो. कळू दे.

कलम ७. शेती व बँक. शेती सरिताला व तिच्यानंतर दोन्ही मुलांना सारखी. बँकेत जे असेल ते सरिताला. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

कलम ८. मातीबाबत. विहारात वंदना व्हावी, फटाके-बँड नको. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भाषणे तीनपेक्षा जास्त होऊ नयेत आणि त्यात एकही सुखरामचे नसावे. तो माझ्या पडण्याची गोष्ट सांगेल.

कलम ९. घर. घर व जागा सरिताला, तिच्यानंतर अश्वजितला. आई हयात असेपर्यंत तिची खोली तिची. मात्र मधली दहा बाय दहाची खोली, तिचे दार, खिडकी व रस्त्यापर्यंत जाण्यायेण्याची वाट प्रतिक्षाची, मालकीहक्काने. तिने पुन्हा लग्न केले तरी तिची, न केले तरी तिची. अश्वजितच्या बायकोने, जी अजून ठरायची आहे, ती खोली सामानासाठी मागू नये.

हे कलम मी अर्जनविसांना वाचून दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "मिस्त्री, घर कुठं हाये?"

"आखलं हाये."

"फक्की कोनाले देता येते काय? जे नाही ते कायच्या नावावर करू? आधी काहीतरी जमिनीत घाला, मंग माह्याकडं या."

माणूस तिरसट आहे, पण बोलला ते खरे होते. मी कागद घडी करून घरी आणला.

कलम १०. माघ पौर्णिमा झाल्यावर मी फेब्रुवारीत एका सोमवारी सकाळी पुन्हा जागेवर गेलो. या वेळी फक्की नेली नाही. टिकास आणि फावडे नेले. जुन्या सगळ्या रेघा खराट्याने झाडल्या, पहिल्या दिवसाच्या खुंट्यांच्या भोकांवरून मूळ माप धरले, आणि घराच्या समोरून सुरुवात करण्याची रीत सोडून मधूनच खणायला लागलो.

सरिता धावत आली. "अवो, पह्यले सपरी खंदतेत ना! हे मधातून काय करून राहिले?"

मी म्हटले, "हे प्रतिक्षाची खोली होय."

हे मी मोठ्याने म्हटले. कुंपणापलीकडे नंदलाल म्हशीला पाणी पाजत होते, त्यांनी ऐकावे इतक्या मोठ्याने. सरिताने पदर खोचला आणि घमेले उचलले. आई काठी टेकत आली, खड्ड्यात वाकून पाहिले आणि म्हणाली, "खोल खंद. पोरीची जात, हवा लागली पाहिजे, पन हालली नाही पाहिजे." या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, तरी मी अर्धा फूट जास्त खणले.

दुकानाला सुट्टी नव्हती, पण प्रतिक्षाने ती बस सोडली. खड्ड्याच्या काठावर बसून तिने विचारले, "बाबा, दाराले कडी आतून राहीन ना?"

"आतूनच."

"बाहेरून नका बसवू."

"नाही बसवत."

दाराला बाहेरून कडी बसवली जाणार नाही, ही या मृत्युपत्राची अट समजावी.

घरातील बाकी खोल्या अद्याप आखायच्या आहेत आणि त्यांच्यावर भांडण चालू आहे. पण मधल्या खोलीचा पाया साडेतीन फूट खोल खणला, खाली काँक्रीट घातले आणि जोत्यापर्यंत चारही बाजूंनी बांधकाम पूर्ण केले. काल संध्याकाळी आतून टेप लावला. दहा फूट बाय दहा फूट. आज कागदावरचा "सामान" हा शब्द खोडून तेथे मी "प्रतिक्षा तेजराम हुमणे" असे लिहिले आहे.

हे मृत्युपत्र घरातल्यांना वाचून दाखवून, आईने सुचवलेल्या दोन दुरुस्त्या नाकारून, साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे.

ठिकाण: आंधळगाव, ता. मोहाडी, जि. भंडारा
दिनांक: १० मार्च २०२५

लिहून देणार: तेजराम देवाजी हुमणे (सही)

साक्षीदार:
१. नंदलाल गोविंदा हेडाऊ, शेजारी, रा. आंधळगाव (सही)
२. अमर सोमाजी गणवीर, शिक्षक, रा. आंधळगाव (सही)