राजाच्या झोपेची पाटी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे बेताचाच वाकलो आहे, उरलेला नमस्कार भेटीत.) भाऊजींचे गुडघे काय म्हणतात? तुझा खोकला गेला का? आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात मला इतिहास खात्याची नोटीस आली आहे.

झालं असं, की दुकानांच्या पाट्या रंगवून रंगवून हात आंबला होता, तेवढ्यात खात्याचं मोठं काम मिळालं. जुन्या हमरस्त्याच्या कडेला इतिहासाच्या पाट्या आहेत ना, कुठे कोण लढलं, कुठे कोण पडलं, कुठे कुणी घोड्याला पाणी पाजलं, त्या सगळ्या पुन्हा रंगवायच्या. त्यांनी मजकुराचे कागद दिले, मी डबे आणि शिडी सायकलला बांधली आणि निघालो. काम झकास होतं. नवा रस्ता झाल्यापासून या रस्त्याने फारसं कुणी जात नाही. दिवसभर वारा, गवत आणि मधूनच एखादी शेळी. एकेक अक्षर भरताना आपण आत्ता कोणत्या शतकात आहोत याचा पत्ता राहायचा नाही. एका दुपारी तर मी धारातीर्थी पडलेल्या सरदाराला उचलून पुन्हा उभा केला (म्हणजे त्याची पाटी, वाऱ्याने आडवी झाली होती) आणि त्याची विचारपूस करून पुढे गेलो.

सातवी पाटी आपली निघाली. बाबा रस्त्याच्या कामावर मुकादम होते तेव्हा तू मला कडेवर घेऊन त्यांचा डबा पोचवायचीस, त्या वाटेवरची, मोठ्या झाडाखालची. तिथे तू आधी डबा खाली ठेवायचीस, मग मला (हा क्रम मी विसरलेलो नाही), आणि पाटीवर बोट फिरवत मला वाचून दाखवायचीस. पुढे बाबांची बदली झाली आणि मी वाचायला शिकलो तोवर तो रस्ताच सुटला. आता पाटीवरची अक्षरं पार उडून गेली आहेत, पण मला मजकूर पाठ होता. खात्याच्या कागदावर भलतंच काहीतरी होतं, राजाचा तळ, मोहिमेचं प्रस्थान, साल वगैरे. मी म्हटलं, कारकुनाच्या हातून कागदांची अदलाबदल झालेली दिसते, बिचाऱ्याला कशाला बोल लावा. गुपचूप त्याची चूक सुधारली आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं: "येथे राजास दुपारी झोप लागली. सैन्याने त्यास उठवले नाही. लढाई राहून गेली."

त्यानंतर जे झालं त्यात माझा काही दोष नाही. एक ट्रकवाला पाटी वाचायला थांबला आणि तिथेच झोपला. दुसऱ्या दिवशी दोघे. एक नवराबायको तावातावाने भांडत मोटारीतून उतरली, पाटी वाचली आणि पाठीला पाठ लावून झोपली. उठल्यावर भांडण कशावरून होतं ते दोघांनाही आठवेना. एका मास्तरांनी इतिहास शिकवायला अख्खा वर्ग आणला, त्यात पहिले मास्तर झोपले. मीही जेवण झालं की तिथे पाठ टेकतो. पानांतून ऊन गळत असतं, डोळे जड होतात, आणि ताई, मला ते सैन्य अगदी लख्ख दिसतं. हजारो माणसं, जोडे हातात घेऊन, घोड्यांच्या नाकावर हात ठेवून, चवड्यांवर घरी परत चाललेली. कुणी खोकतसुद्धा नाही. (सौ. म्हणते, इतकी वर्षं दुपारी घरात घोरता, तेव्हा कुणी पाटी लावली नाही.)

पण खात्याचे साहेब भडकले. कचेरीत बोलावून म्हणाले, "पेंटर, राजे झोपत नसतात. पुरावा आणा, नाहीतर पाटी खरवडा." पंधरा दिवसांची मुदत आहे. पुरावा मिळाला नाही तर ती पाटी जाईलच, शिवाय उरलेल्या चाळीस पाट्यांचं कामही जाईल. मी छातीठोकपणे सांगून आलो आहे, की माझ्या थोरल्या बहिणीने ती मूळ पाटी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली आहे, रोज, दोन वर्षं. त्यामुळे मला काही काळजी नाही. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्राचं खरं कारण राहिलंच. खात्याला दोन ओळी लिहून दे, की मी पाटी अशीच वाचली होती. सही ठळक कर.

ता. क. दुसरा : वरची विनंती रद्द. आज सकाळी माळ्यावर ब्रश शोधताना माझी पहिलीतली वही सापडली. एका पानावर माझा वाकडा अ आहे, आणि त्याखाली मोठा, माझ्याहून वाकडा अ आहे. तो तुझा. मी शाळेतून येऊन तुला शिकवायचो, आठवतं? छड्यासुद्धा मारायचो. म्हणजे त्याच्या आधी, त्या झाडाखाली, तुला एक अक्षर येत नव्हतं. ताई, मग तू वाचत काय होतीस? नऊ-दहा वर्षांची पोर तू, कडेवर मी, हातात डबा, पायांत काही नाही, आणि निम्मी वाट अजून बाकी. मला झोपवायचं होतं की तुलाच झोपायचं होतं? तुझ्या त्या बोटामागे मी जन्मभर अक्षरं काढत आलो, आणि हे मला आज कळलं. वहीवर डोकं ठेवून रडलो, सांगायला लाज कसली. तर खात्याला खोटं काही लिहू नकोस. पाटी मीच खरवडतो. मला फक्त एवढं कळव, की पुढे काय झालं? राजा उठला का? मी नेहमी त्याच्या आधीच झोपायचो.

ता. क. तिसरा : हे झाडाखाली बसून लिहितो आहे. पाटी खरवडलेली स्वतः बघायला साहेब आले. ऊन फार होतं, मी पिशवीतून खरवडणी शोधेपर्यंत ते जरा टेकले. आता बूट काढून, माझी फाइल उशाला घेऊन झोपले आहेत. तोंड थोडं उघडं आहे. खरवडणी मी हळूच पिशवीत ठेवली आहे आणि चपला हातात घेऊन निघालो आहे. उत्तर सावकाश पाठव.