पुढच्या वर्षापुरती गाडी

वेल्डहोवन, नेदरलँड्स
६ ऑक्टोबर २०२४

ती. आईस,
अंबरीशचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू लावत नाहीस. तेव्हा टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या बाईशी पत्रानेच बोलायचं, हे मी आता मुकाट मान्य केलं आहे.

बातमी अशी, की हिरवी गाडी भंगारात गेली. तिच्या जागी करड्या रंगाची लांबलचक स्टेशन वॅगन घेतली, तीन लाख बारा हजार किलोमीटर चाललेली. आकडा ऐकून चारुताने कपाळाला हात लावला. पण अगं, किंमत एका बऱ्या सायकलीएवढी! इथे जुन्या गाडीची दर वर्षी तपासणी असते, तिला एपीके म्हणतात. पास झाली तर रस्त्यावर, नाही तर घरात. माझा हिशेब सरळ आहे. थोडी एपीके शिल्लक असलेली म्हातारी गाडी घ्यायची, मुदत संपेपर्यंत पळवायची आणि सोडून द्यायची. पुढच्या वर्षी आम्ही नाशिकला परत येणारच, मग नव्या गाडीत पैसे कशाला अडकवायचे?

हिची मालकीण नायमेखनजवळच्या एका गावातली म्हातारी डच बाई. किल्ली देताना चक्क डोळे पुसत होती. गाडीसाठी कुणी रडतं का? अवनीने गाडीचं नाव 'ओपा' ठेवलंय, म्हणजे आजोबा. ओपांचं मागचं दार आतून उघडत नाही आणि हीटरची ऊब फक्त पायांना लागते. बाकी इंजिन असं गातं, की ऐकलंस तर खूश होशील. म्हणजे यंत्र लावलंस तर.

ऑफिस ठीक आहे, पण माझं मन कशात लागत नाही. शनिवार आला की उगाच गाडी काढतो, बेल्जियमच्या हद्दीपर्यंत जातो आणि काही न करता परत येतो.

बाबांची लाल गाडी कशी आहे? शेजारचे शशिकांतकाका रविवारी ती सुरू करतात ना? आल्यावर मीच वापरणार आहे, तिला जप.

लोभ आहेच, तो ओपांपेक्षा जास्त टिकावा.

तुझा,
अंबरीश


नाशिक
२८ ऑक्टोबर २०२४

चि. अंबरीशला,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले आणि मग चिडले. पाचव्यांदा तू कुणाची तरी टाकून दिलेली गाडी घरी आणलीस. लहानपणी रस्त्यावरची कुत्र्याची पिल्लं आणायचास. ती निदान मोठी तरी व्हायची!

शशिकांतराव श्रावणातच मुलीकडे इंदूरला गेले, कायमचे. त्यामुळे गाडीकडे कुणी बघितलं नाही आणि बॅटरी पार बसली. मेकॅनिकला बोलावून नवी घातली. तो म्हणाला, आजी, गाडी उभी राहून मरते, चालून नाही. मला राग आला. आजी काय म्हणतो मेला! तो गेल्यावर जरा आत बसून बघितलं. तुझ्या बाबांची सीट इतकी मागे, की माझे पाय पोचेनात. पुढे कशी सरकवतात ते मग सापडलं.

महत्त्वाचं पुढेच आहे. येत्या जूनमध्ये गाडीला पंधरा वर्षं होतात. नंतर ठेवायची तर आरटीओत तपासून घेऊन पुढच्या पाच वर्षांचं नूतनीकरण करावं लागतं. नाही तर आत्ताच विकलेली बरी. तू येणार म्हणून ठेवली आहे, तेव्हा काय ते तूच सांग.

आणि एक सहज विचारते. खालच्या मजल्यावरची गुंजन गाडी शिकते आहे. तिला विचारायचंय, की चढावर थांबलं की गाडी मागे सरकते, तेव्हा क्लच किती सोडायचा? सविस्तर लिही, ती पोर जरा मंद आहे.

अवनीला पापा. तिला म्हणावं, खरे आजोबा असते तर त्यांनी दार आधी दुरुस्त करून घेतलं असतं.

माझा लोभ इथे तसाच आहे, बॅटरी न बदलता.

तुझी आई,
मालिनी


वेल्डहोवन
१९ नोव्हेंबर २०२४

ती. आईंना,
चारुताचा सा. न. वि. वि.

हे पत्र अंबरीशला न सांगता लिहिते आहे. मला राग आलाय आणि तो कुणावर काढू ते कळत नाही, म्हणून तुमच्यावर काढते. आधीच माफ करा.

परवा रविवारी आम्ही माझ्या मैत्रिणीकडे, सुचेताकडे, अ‍ॅमस्टेलव्हीनला निघालो होतो. डेन बॉशच्या पुढे हायवेवर ओपांनी मान टाकली. वरून पाऊस, वारा असा की छत्री उघडायची सोय नाही. मागचं दार उघडेना, म्हणून अवनीला पुढच्या दोन सीटांमधून ओढून बाहेर काढलं. कठड्यापलीकडच्या ओल्या गवतात आम्ही तिघं उभे, आणि शेजारून धडधडत ट्रक. मदतीची पिवळी गाडी आली. त्या माणसाने कसलीशी नळी बदलली आणि अंबरीशला विचारलं, की आणखी किती दिवस ही चालवणार? हा म्हणाला, पुढच्या वर्षापर्यंत. तेव्हा कुडकुडत अवनीने मला विचारलं, की पुढचं वर्ष नक्की कधी येतं? बोलायला लागल्यापासून ती हे दोन शब्द ऐकते आहे, आई.

चिडले आहे ती गाडीवर नाही. अकरा वर्षं झाली आम्हाला इथे, पण घरात भिंतीला एक खिळा नाही. पडदे आधीच्या भाडेकरूंचे. बाबांचा फोटो कपाटावर टेकवून ठेवलाय, दर वेळी झाडताना पडतो. मी इथे आले तेव्हा नुसती त्याची बायको होते. आता फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नोकरी करते आणि पेशंट व्यायाम करत नाहीत म्हणून त्यांना डचमध्ये रागावते. मला इथे घर घ्यायचंय. घर म्हटलं की अंबरीश विचारतो, आईला काय सांगू? रात्री विकाऊ घरांचे फोटो बघतो आणि सकाळी नाशिकच्या नोकऱ्या. दोन्हीकडे तळ्यात-मळ्यात. झोपेतही कूस बदलत असतो.

तुम्हीच त्याच्याशी बोला. फक्त येणार आहेस का, असं विचारू नका. तसं विचारलं की त्याला हो म्हणावंच लागतं.

रागाने लिहिलं आहे, लोभाने वाचा.

तुमची,
चारुता


नाशिक
९ जानेवारी २०२५

चि. अंबरीशला,
अ. उ. आ.

चारुताचं पत्र आलं होतं. तिला वेगळं उत्तर धाडलं आहे. ते तू उघडू नकोस, दुसऱ्याचं टपाल उघडणं गुन्हा आहे.

लेकराला घेऊन भर पावसात हायवेवर उभं राहायची हौस असेल तर एकटा जात जा. एवढंच बोलते, जास्त बोलले तर पत्राला दोन तिकिटं लागतील.

क्लचबद्दल तू लिहिलंस ते गुंजनला वाचून दाखवलं. तरी ती लायसन्सच्या परीक्षेत नापास झाली. चढावर गाडी मागे गेली आणि मागच्या रिक्षावाल्याने आरडाओरडा केला. मी म्हटलं, लाजायचं काय त्यात, पुन्हा बस. आता तिला रिव्हर्स जमत नाही. मागे बघायचं की आरशात, तेवढं कळव. तिची मान दुखते. एवढ्या तरुण वयात मान दुखते, काय खातात ही मुलं कुणास ठाऊक.

तू पुढच्या वर्षी म्हणाला होतास, ते वर्ष गेल्या आठवड्यात लागलं. येणार आहेस का, असं मी विचारत नाही. लाल गाडीचं काय करू, एवढंच विचारते. मेपर्यंत मला कळलं पाहिजे. नाही कळलं तर मी माझ्या मनाने करीन.

लोभ आहे. उत्तर लवकर आलं तर वाढेल.

तुझी आई,
मालिनी


खेल्ड्रोप
२४ मे २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

गॅरेजच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे.

ओपा एपीकेत नापास झाले. हेंक म्हणून इथला मेकॅनिक आहे, त्याने गाडी वर उचलली आणि खालच्या पत्र्याला स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो आरपार गेला. सगळा गंज. इंजिन अजून ठणठणीत आहे गं, पण ते ज्यावर बसलंय तेच उरलेलं नाही. हेंक म्हणाला, काळजी नको, माझ्याकडे अशीच आणखी एक आहे, वर्षभराची एपीके आहे तिला. मी नेहमी हसून हो म्हणतो. आज तोंडातून हो निघेना. त्याला वाटलं मी ओपांसाठी रडतोय. त्याने कॉफी आणून दिली.

आई, आम्ही परत येत नाही आहोत.

लिहून झालं. चार महिने तुझ्या पत्राला उत्तर देत नव्हतो ते याचसाठी. गेल्या आठवड्यात इथेच, वेल्डहोवनजवळच्या खेल्ड्रोपला, एका घराच्या करारावर सह्या केल्या. मी सही करत होतो आणि अवनी खुर्चीवर उड्या मारत होती. दर वर्षी पुढच्या वर्षी म्हणालो तेव्हा मला तसंच वाटत होतं, तुला फसवत नव्हतो. गाडी स्वस्त घेतली की वाटायचं, अजून निघता येईल, किल्ली टाकली की निघालो. पण निघालो कधीच नाही. नुसता गाड्या बदलत राहिलो, आणि तुला तिकडे वाट बघायला लावली.

लाल गाडी विकून टाक. माझ्यासाठी नूतनीकरण करू नकोस. हवं तेवढं रागाव, पण अबोला धरू नकोस. तुझा अबोला मला इथून ऐकू येतो.

लोभ उरला असेल तेवढा असू दे.

तुझा,
अंबरीश


नाशिक
२७ मे २०२५

चि. अंबरीशला,
अ. उ. आ.

मे संपत आला, तुझं उत्तर नाही. म्हणाले होते तसं मी माझ्या मनाने केलं.

आधी एक कबुली. गुंजन गाडी शिकत नाही. तिला स्कूटीसुद्धा येत नाही. ती मी!

हस, पोटभर हस. सदुसष्टाव्या वर्षी मोटार स्कूलमध्ये नाव घातलं. मास्तर पोरसवदा. म्हणाला, हॉर्न ऐकू येत नसेल तर शिकवणार नाही. म्हणून यंत्र लावायला लागले. आता सगळं ऐकू येतं, वरच्या मजल्यावरची भांडणंही. पण फोन करू नकोस हं, पत्रं बंद होतील.

काल पेठ रोडच्या आरटीओतून पक्कं लायसन्स घेतलं. गाडीही तपासून घेतली. साहेबाने गाडीला पाच वर्षं दिली आणि माझं वय बघून मलाही पाचच. दोघी एकदम मुदतीत आहोत.

आता तू कधीही ये. ओझरच्या विमानतळावर मीच न्यायला येणार, स्वतः चालवत. तुझ्या खोलीला रंग द्यायचा ठरवलाय. कोणता, ते चारुताला विचारून कळव. शशिकांतराव गेल्यापासून जिन्यात कुणी बोलायला नाही रे. तुम्ही आलात की बरं वाटेल.

लोभ इतका आहे की डिकीत मावणार नाही.

तुझी आई,
मालिनी


नाशिक
१३ जून २०२५

चि. अंबरीशला,
अ. उ. आ.

तुझं पत्र परवा मिळालं. माझंही तुला मिळालं असेल आणि तू डोकं धरून बसला असशील. दोन्ही पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. टपाल खात्यात असताना असं किती वेळा पाहिलं, पण स्वतःवर कधी वेळ आली नव्हती.

वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू? रंगारी आला होता, त्याला नको म्हणून सांगायला गेले आणि उद्या ये म्हणाले. तशीच किल्ली घेतली आणि गंगापूर धरणापर्यंत गेले. काचा वर केल्या, कानातलं यंत्र काढून ठेवलं आणि मोठमोठ्याने रडले. गाडीसाठी कुणी रडतं का, असं तू त्या डच बाईबद्दल विचारलं होतंस. गाडीसाठी नसेल रडली रे ती. तिच्या ओपांचं काय झालं ते तिला कळवू नकोस.

परत निघाले तर चढावर सगळी वाहनं थांबलेली. माझ्या मागे अगदी चिकटून टेम्पो. हँडब्रेक ओढला, तू लिहिलं होतंस तसा क्लच अर्धा सोडला, आणि गाडी बोटभरही मागे गेली नाही. टेम्पोवाल्याला त्याचं काही नव्हतं, पण मी डोळे पुसले आणि घरी आले.

आता नीट ऐक. गाडी विकायची नाही. तुझ्यासाठी ठेवली होती हे खरं आहे, पण आता ती मला लागते. बाजारात जाते. गुंजनला क्लासला सोडते, तिचं नाव वापरलं त्याचं भाडं. खोलीला रंगही देऊन घेतला. पाहुण्यांनाही खोली लागतेच.

तू आधी नव्या घरात खिळा ठोक आणि बाबांचा फोटो लाव. वर्षाच्या बोलीवर काही आणू नकोस. गाडी जुनी घेतलीस तरी चालेल, पण पत्रा बघून घे आणि सगळी दारं आतून उघडू देत. गणपती झाले की मी महिनाभर येते आहे, आणि मी मागे बसणार नाही.

दिवाळीत पंधरा दिवस इकडे या. ओझरला न्यायला मी येईन, म्हटलं आहे ते म्हटलं आहे. आणि सुट्टी संपली की विमानतळावर सोडायलाही मीच येईन. आतापर्यंत तुला जिन्यातून हात करायचे आणि रिक्षा वळली की आत येऊन पडायचे. आता थेट दारापर्यंत सोडीन, आणि गाडी वळवून एकटी घरी येईन. जमतं मला ते.

लोभ आहेच. त्याला नूतनीकरण लागत नाही.

तुझी आई,
मालिनी